चिंचेला उजवी घालून

गणपतींचे विसर्जन झाले की नाशिकच्या हवेत एक रितेपण उतरते. मांडवांचे बांबू रस्त्याच्या कडेला आडवे पडलेले असतात. गोदेचे पाणी गढूळपणा टाकून हळूहळू हिरवे होऊ लागते. उघडीप मिळालेल्या उन्हाला एक उग्र, ओलसर वास येतो. परसातला आघाडा कुणी न विचारता गुडघ्याएवढा वाढतो. मग घराघरांतून दुपारच्या वेळी खिरीचा, कढीचा, तळणीतल्या वड्यांचा वास येऊ लागतो आणि गच्चीच्या कठड्यांपाशी माणसे कावळ्यांची वाट पाहत उभी राहतात. वर्षातला हा एकच पंधरवडा असा, की ज्यात जिवंत माणसे अंगण झाडून गेलेल्यांच्या येण्याची तयारी करतात.

मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. श्राद्धाचा विधी मला तोंडपाठ आहे. पितरांना नाव आणि गोत्र उच्चारून बोलवावे, दर्भाचे आसन द्यावे, तिलोदक द्यावे, तृप्त झालात ना असे नम्रपणे विचारावे, हे सारे शास्त्राने नीट घालून दिले आहे. त्यांनी कोणत्या वाटेने यायचे, एवढे मात्र शास्त्र सांगत नाही. ही शंका मला पूर्वी कधी शिवली नव्हती. काही वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात एका परदेशी बाईंनी ती माझ्या घरात आणून ठेवली. त्या परत गेल्या. शंका इथेच राहिली. पितृपंधरवडा लागला की ती उंबऱ्यात येऊन बसते.

माझी पत्नी सुमती सवाष्णपणी गेली, म्हणून तिचे श्राद्ध अविधवा नवमीला होते. तिचे माहेर पंचवटीतल्या एका गल्लीत. माझी नोकरी इगतपुरीच्या शाळेत झाली; तिथल्या पावसात पुस्तकांना बुरशी येई आणि सुमतीचे मन नाशिककडे लागलेले असे. निवृत्तीनंतर तिच्या हट्टाखातर आम्ही तिच्या माहेरच्या गल्लीच्या मागच्या अंगाला लहानसे घर बांधले. पत्ता सांगण्याचे काम तिचे. मी पाहुण्याला घर क्रमांक आणि वसाहतीचे नाव सांगू लागलो की ती हातातून फोन घेई. "अहो, असा कुणाला पत्ता सापडतो का?" म्हणे, आणि मग तिच्या माहेरच्या पद्धतीने सांगू लागे. त्या गल्लीत सगळेच तसा पत्ता सांगत. झाडे, आवाज, ओल, वास यांचा तो पत्ता असे.

इंग्रिडबाई नॉर्वेच्या. वय सत्तरीच्या पुढे, अंग उंच आणि काटक, बोलणे इतके हळू, की समोरच्याने आपोआप पुढे वाकावे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीने त्या आमच्या वरच्या खोलीत महिनाभरासाठी उतरल्या. पहिल्या संध्याकाळी वैदेहीने, माझ्या सुनेने, गवती चहा केला. इकडे कशासाठी येणे केलेत, असे मी माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत विचारले. बाईंनी कप खाली ठेवला, हात मांडीवर जुळवले आणि डोळे मिटून मराठीत म्हणाल्या:

"कारंजावर उतरायचं. चिंचेला उजवी घालायची. गिरणीचा आवाज डाव्या कानाला ठेवायचा. नळकोंडाळ्याची ओल लागली की थांबायचं. समोर निळं दार. वाजवू नका, ढकला. उघडंच असतं."

वैदेहीने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. ते शब्द परदेशी जिभेवर किंचित घासले गेले होते, पण सूर शुद्ध होता. 'ढकला' या शब्दावर थोडेसे हसू घेऊन आवाज खाली सोडायचा, ही सुमतीची लकब. तिच्या आईची, तिच्या बहिणींचीही तीच. त्याआधी चार वर्षांपूर्वी या घरातून निघून गेलेला सूर गवती चहाच्या वाफेमागून पुन्हा ऐकू आला.

"अर्थ ठाऊक आहे का तुम्हाला?" मी विचारले.

"नाही," बाई म्हणाल्या. "मी विचारायचं ठरवलं, तेव्हा सांगायला तो उरला नव्हता."

तो म्हणजे त्यांचे यजमान, हाल्वर. तरुणपणी, लग्नाच्याही आधी, सातपूरच्या एका कारखान्यात यंत्र बसवायला ते आले होते आणि एक पावसाळा पंचवटीत कुणाच्या तरी घरी भाड्याच्या खोलीत राहिले होते. इथल्या पाट्या त्यांना वाचता येत नसत. संध्याकाळी बसमधून उतरून घर सापडावे म्हणून घरच्या कुणा बाईने हा पत्ता त्यांच्याकडून घोकून घेतला असावा. पुढे ते आपल्या देशी परतले, संसार झाला, म्हातारपण आले आणि स्मृती झडू लागली. आधी माणसांची नावे गेली, मग वर्षे गेली, शेवटी पत्नीची ओळखही गेली. हा पत्ता तेवढा अक्षरही न गळता राहिला. आमच्या परंपरेत वेद असेच राहिले आहेत. अर्थ सुटला तरी स्वर सुटू द्यायचा नाही, असे आमचे गुरुजी बजावत. पण एका घराची वाट अशी रक्षिली गेलेली मी प्रथमच पाहत होतो.

"संध्याकाळ झाली की तो कोट घाली," बाई सांगत होत्या. "घरी जातो, म्हणे. बाहेर बर्फ असे. मी दाराला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवी. तो दारापाशी उभा राहून हे म्हणत राही."

वैदेहीने एकेका वाक्याचा अर्थ त्यांना इंग्रजीत सांगितला. चिंच, गिरणी, नळ, निळे दार. बाई मान हलवीत ऐकत होत्या. 'वाजवू नका, ढकला' याचा अर्थ कानी पडला आणि त्यांची मान हलायची थांबली.

"तो दार ढकलायचा," त्या म्हणाल्या. "आमचं दार आत ओढून उघडतं. मला वाटायचं, दार उघडायचं कसं हेही हा विसरला. मी त्याला शिकवत बसे, असं ओढ, असं. आणि तो ढकलत राही."

बाहेर गल्लीत कुणीतरी टँकरवाल्याला हाका मारीत होते.

"मला ते दार पाहायचं आहे," बाई म्हणाल्या. "एकदा त्याच्यासाठी ते ढकलायचं आहे. मग मी परत जाईन."

एवढीच त्यांची यात्रा. ती सोपी आहे, असे मला त्या संध्याकाळी वाटले.

सिंहस्थाच्या तयारीचे दिवस होते. अर्धे शहर उकरलेले होते. पाण्याचे नळ, सांडपाण्याचे नळ, तारा, साऱ्यांसाठी वेगवेगळे चर. एक बुजवून झाला की शेजारी दुसरा. वर येणाऱ्या पाण्याचा दाब कमी झालेला. पहाटे नळाला पाणी येई आणि उजाडता उजाडता जाई. पाणी 'येते' आणि 'जाते' ही क्रियापदे बाईंना प्रथम कळेनात. त्यांच्याकडे पाणी असते, इतकेच. दुसऱ्या दिवशी त्या साबण लावून उभ्या राहिल्या आणि नळाने नुसता सुस्कारा टाकला. वैदेही खालून बादली घेऊन गेली.

"आजी, पाणी आलं की आधी पिंप भरायचं. आंघोळ नंतर," ती म्हणाली.

"कधी येईल?"

"आलं की आवाज येतो. नळ उघडाच ठेवायचा रात्री."

तिसऱ्या दिवसापासून बाई पहाटे उठून पिंपाशेजारी स्टुलावर बसू लागल्या. आधी नळात हवा गुरगुरते, मग दोन-चार ठिपके, मग धार. मी संध्येला बसलेला असे. वरून तो आवाज येई. एके दिवशी त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळे पहाटे कुणाची तरी वाट पाहत असता. मला ते आवडतं." आमच्या गैरसोयीला त्यांनी दिलेला तो मान ऐकून मला संकोच वाटला. खरे तर आम्ही पाण्याच्या नावाने खडे फोडीत असतो.

दुकानात पैसे द्यायचे तर सारे भ्रमणध्वनीवर. त्यांचा क्रमांक परदेशी, त्यावर ओटीपी येत नसे. वीज गेली की पंखा थांबे आणि बाई अंधारात अपराध्यासारख्या बसून राहत, जणू त्यांच्याच हातून काही बिघडले. विजेच्या प्लगसाठी जोडणी आणायला त्या एकदा शहरातल्या द्वारका चौकाकडे गेल्या आणि त्याच्या कडेला तासभर उभ्या राहिल्या. पलीकडे दुकान दिसत होते, पण ट्रक, बस, रिक्षा, मोटारसायकली यांचा प्रवाह खंडत नव्हता. अखेर भाजी विकणाऱ्या एका बाईने त्यांचा हात धरला. "चला माझ्या मागं. त्यांच्याकडं बघायचं नाय. बघितलं की ते घुसत्यात," असे म्हणत तिने त्यांना पलीकडे नेऊन सोडले आणि टोपली घ्यायला ती तशीच परतली. बाई घरी येऊन म्हणाल्या, "मी डोळे मिटून चालले. मृत्यूनंतर असंच कुणीतरी हात धरून नेत असेल."

पण दार सापडेना. त्यांच्या भ्रमणध्वनीतला नकाशा मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या नावांचे रस्ते दाखवी. ती नावे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हती. नकाशावरची निळी रेघ सरळ चरात उतरत असे. गुडघ्यांमुळे मला त्या उकरलेल्या रस्त्यावर जाववत नव्हते. मी त्यांना सहज सांगितले, "चिंचेपाशी कुणालाही विचारा." वैदेहीनेही तेच सांगितले. शेजारच्या कुलकर्ण्यांनी सांगितले. रिक्षावाल्याने सांगितले, औषधवाल्याने सांगितले. बाई रोज सकाळी निघत आणि उन्हाने लाल होऊन परत येत.

चौथ्या दिवशी त्या पायरीवर बसल्या. बूट चिखलाने भरलेले.

"गुरुजी, तुमच्या शहरातली माणसं चांगली आहेत," त्या म्हणाल्या, "पण ती मला खोटं का सांगतात? चिंच नाही. मी तिथे फुलवाल्याला विचारलं, चिंच कुठे आहे. तो म्हणाला, ही काय. आणि त्याने रस्त्याकडे बोट दाखवलं. तिथे काही नव्हतं."

चिंच तोडून दोन वर्षे झाली होती. रस्ता रुंद करताना ती गेली. यंत्राच्या करवतीचा आवाज घरापर्यंत आला होता, मी खिडकी लावून घेतली होती. गिरणी त्याच्या कितीतरी आधी बंद पडली. घरोघरी नळ आल्यावर नळकोंडाळे काढून टाकले. हे मला ठाऊक होते. सर्वांनाच ठाऊक होते. तरीही चिंचेपासून डावीकडे, गिरणीच्या अलीकडे, नळकोंडाळ्याच्या समोर, असेच आम्ही एकमेकांना सांगत होतो आणि बिनचूक पोहोचत होतो. जे गेले, त्याच्याच आधाराने आमचे जाणे-येणे चालले होते. नवख्या माणसाला ते दिसत नाही, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते.

त्या दुपारी पहिल्यांदा मला सुमतीची आठवण वेगळ्या तऱ्हेने झाली. ती गेली तेव्हा चिंच उभी होती. चिंच तुटल्याचे तिला ठाऊक नाही.

नवमीला श्राद्ध झाले. पिंडांवर जुईची फुले वाहिली, आवाहन केले, सवाष्ण जेवली. गच्चीवर पान ठेवून मी उभा राहिलो. कावळा समोरच्या टाकीवर बसून पाहत होता. मान वाकडी करून पाही, उडून एक फेरी मारी आणि पुन्हा टाकीवर जाऊन बसे.

"येईल, बाबा. ऊन उतरलं की येईल," वैदेही म्हणाली.

"त्याला वाट सापडत नसेल," माझ्या तोंडून गेले.

तिने माझ्याकडे चमकून पाहिले. बाई मागे उभ्या होत्या. त्यांनी काहीही न विचारता माझी काठी माझ्या हाती दिली. तसेच आम्ही तिघे निघालो.

कारंजापासून सुरुवात केली. मी पुढे, वैदेहीचा हात माझ्या कोपराला, मागे बाई. चरांवर टाकलेल्या फळ्या पावलागणिक वाजत होत्या. चिंचेच्या जागी आल्यावर मी डावीकडून वळसा घेतला, ती उजव्या हाताला राहील असा, जसा देवळाला घेतात. तिथे आता सपाट डांबर होते. फुलवाला हसला नाही. तोही रोज तसाच वळत असावा. बाईंनी माझे पाऊल पाहिले आणि त्याच रिकाम्या जागेला उजवी घालून त्या आल्या.

गिरणीच्या जागी भ्रमणध्वनीच्या आवरणांचे दुकान होते. दुकानात रज्जाकभाई बसले होते. त्यांचे वडील ती गिरणी चालवीत. सुमतीला ते ताई म्हणत.

"या या, गुरुजी! आज ताईंची नवमी ना?" ते उठून उभे राहिले. "बसा. पाणी घ्या."

वैदेहीने सारी हकीकत सांगितली. बाईंनी डोळे मिटून तो पत्ता म्हटला. रज्जाकभाई ऐकता ऐकता खाली पाहू लागले.

"गिरणीचा आवाज," ते म्हणाले. "अब्बांची गिरणी हो ती. इतक्या लांब ऐकू जात होती?" मग त्यांनी मान वर केली. "तो गोरा भाडेकरू मला आठवतो. पिठाचा डबा घेऊन यायचा, अंगभर पांढरा होऊन जायचा. अब्बा म्हणायचे, हा आधीच पांढरा, याला कशाला पीठ लावता."

बाई हसल्या. आमच्या घरी आल्यापासून त्यांचे हसू मी प्रथम पाहिले.

"आणि ते घर?" वैदेहीने विचारले.

रज्जाकभाई दुकानाच्या पायरीवर आले. समोर रुंद केलेला रस्ता होता, अर्धा डांबरी, अर्धा खडीचा. त्यांनी खडीकडे बोट दाखवले. "फोरमनकाकांचं घर. रस्त्यात गेलं सगळं. माणसं सिडकोकडं गेली राहायला, काका-काकू तर केव्हाच वारले. दार... ते बघा, तो मैलाचा दगड आडवा टाकलाय ना, त्याच्या अलीकडे. तिथंच होतं दार."

वैदेहीने भाषांतर केले. खांद्यावरची पिशवी बाईंनी माझ्या हाती दिली, पायरी उतरल्या आणि डावी-उजवी न पाहता, भाजीवालीने शिकवले होते तशा, सरळ रस्त्यात चालत गेल्या. दगडाच्या अलीकडे थांबल्या. एक रिक्षा करकचून ब्रेक लावून त्यांच्यापाशी थांबली.

"ओ काकू! मरायचंय का?" रिक्षावाला ओरडला. "रस्ता काय बापाचाय?"

"थांब रे दोन मिनिटं," रज्जाकभाई हात वर करून पुढे झाले. "त्यांना घरी जाऊ दे."

"घरी? हितं कुठं घर हाय?"

"हाय. तू थांब."

त्याने काय पाहिले कोण जाणे. त्याने रिक्षा बंद केली. मागे एक मोटारसायकल थांबली, तिच्या मागे टेम्पो. कुणी भोंगा वाजवला नाही, असे मी म्हणणार नाही. पण तो एकदाच वाजला.

बाईंनी उजवा हात उचलला. तळवा उभा धरला आणि हवेत पुढे ढकलला. लाकडी दाराला लागतो तेवढा जोर त्यांनी लावला. खांदा किंचित पुढे गेला. मग त्या थांबल्या आणि एका बाजूला सरकल्या, पाहुण्याला आधी आत जाऊ द्यावे म्हणून आपण सरकतो तशा. क्षणभर त्यांची नजर कुणाच्या तरी पाठीवर असल्यासारखी पुढे गेली. त्यानंतर त्यांनी हात जोडले. ते जोडणे त्यांनी आमच्याकडून घेतले होते की त्यांचे स्वतःचे होते, ते मला सांगता येत नाही.

परत येताना त्यांनी रिक्षावाल्याला मान लवून नमस्कार केला. तो गोंधळून म्हणाला, "असू द्या, काकू. या सावकाश."

घरी आलो तेव्हा गच्चीवरचे पान रिकामे होते. वैदेही म्हणाली, कावळा येऊन गेला. मला तो दिसला नाही, म्हणून मी काही म्हणत नाही.

सर्वपित्री अमावास्येच्या आधी बाई गेल्या. जाताना वरच्या खोलीतले पिंप काठोकाठ भरून त्यांनी त्यावर झाकण ठेवले होते.

आता तो रस्ता पूर्ण झाला आहे. गुळगुळीत आहे, मधोमध दुभाजक आहे, त्यात कण्हेर लावली आहे. पाणी पूर्वीपेक्षा बरे येते. रज्जाकभाईंनी दुकान मुलाच्या स्वाधीन केले. गेल्या आठवड्यात मी तिथे उभा असताना एका यात्रेकरूने त्या मुलाला वाट विचारली. तो मान वर न करता म्हणाला, "मडमच्या दारावरून सरळ जा, मग डावीकडं." मडम त्याने कधी पाहिली नाही, दारही त्याला आठवत नसेल. यात्रेकरू दुभाजकाकडे पाहत उभा राहिला आणि मग, कसे कोण जाणे, बरोबर वाटेला लागला.

आज पुन्हा नवमी. सकाळी स्नान करून मी दर्भ मोजून ठेवले, तीळ निवडले. वैदेहीने फाटकाला नवे कुलूप बसवून घेतले आहे. चोऱ्या वाढल्या आहेत, तिचे बरोबर आहे. ब्राह्मण यायला अवकाश होता. मी ओसरीत खुर्चीवर बसून पत्ता सांगत होतो. नीट, सावकाश, एकेक खूण उच्चारून. कारंजावर उतरायचं. चिंच आता नाही, पण तिला उजवी घालायची. गिरणी ऐकू येणार नाही, तरी ती डाव्या कानाला ठेवायची. नळकोंडाळ्यापाशी थांबायचं नाही, तसंच पुढे यायचं. पांढरं फाटक.

वैदेही स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

"कोणाला पत्ता सांगताय, बाबा? ब्राह्मण तर नेहमीचेच आहेत," ती म्हणाली. "आणि तुमचा फोन केव्हाचा आत चार्जिंगला लावलाय."

मी तिच्याकडे किल्ली मागितली. तिने क्षणभर पाहिले आणि पदराच्या गाठीची सोडून माझ्या हातावर ठेवली. मी अंगणात गेलो, कुलूप काढले, कडी सरकवली आणि फाटक नुसते लोटून ठेवले.

"वाजवू नको," मी म्हणालो. "ढकल."